सबस्क्रिप्शन की फ्री-टू-प्ले? आधी काय विकायचं नाही ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांची टीम एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बनवते आहे. सगळ्यांसाठी एकच जग आहे. क्राफ्टिंग (कच्च्या मालापासून वस्तू बनवणं) आणि खेळाडूंचा आपसातला व्यापार हा गेमचा गाभा. निम्म्या टीमला महिन्याचं सबस्क्रिप्शन हवंय, उरलेल्यांना गेम फुकट देऊन दुकानातून कमवायचंय. शिवाय तुम्ही विचारलंय की सबस्क्रिप्शनचे दिवस संपले असं जो तो म्हणतो, तर मग वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ अजून महिन्याला पैसे घेतात ते कसे?

मी बरीच वर्षं ऑनलाइन गेमची आतली अर्थव्यवस्था आखायचं आणि किमती ठरवायचं काम करते. त्या अनुभवातून सांगते, तुमच्या टीममधला हा वाद वरवर कमाईचा वाटला तरी मुळात डिझाइनचा आहे. पैसे कोणत्या क्षणी येतात, त्यावरून टीम रोज काय बनवत बसणार हे ठरतं. सबस्क्रिप्शनमध्ये पैसे येतात ते खेळाडू पुढच्या महिन्यातही थांबला म्हणून. फ्री-टू-प्लेमध्ये येतात ते खेळाडूला एखाद्या क्षणी काहीतरी कमी पडलं म्हणून. मग ते कमी पडेल अशी सोय कोणीतरी करणारच. यात कोणी खलनायक लागत नाही. मीटिंगमध्ये एक आलेख येतो, अमुक ठिकाणी खरेदी वाढते हे सगळ्यांना दिसतं, आणि पुढच्या अपडेटमध्ये तीच जागा अजून थोडी अडचणीची होते.

क्राफ्टिंगवाल्या गेममध्ये ही टंचाई सगळ्यात आधी बॅगेत येते. द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन एप्रिल २०१४ मध्ये सबस्क्रिप्शनसह आला. मार्च २०१५ मध्ये ती सक्ती गेली, एकदा विकत घ्या आणि खेळा असं झालं, सभासदत्व ऐच्छिक उरलं. मग २०१६ मध्ये 'क्राफ्ट बॅग' आली. त्यात कच्चा माल कितीही भरा, जागा संपत नाही, पण सोय फक्त सभासदांना. धंदा म्हणून ही चाल अचूक आहे. तलवार विकली नाही, ताकद विकली नाही, जुगारही नाही. शिवाय नवा प्रदेश आला की नवा माल आपसूक येतो, म्हणजे टंचाई वाढवायला वेगळे कष्टही नकोत. पण बॅग रिकामी करण्यातच ज्याची संध्याकाळ जाते त्याला विचारा, ते सभासदत्व त्याला कितपत ऐच्छिक वाटतं ते.

सबस्क्रिप्शनवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत! महिन्यावर पैसे मिळतात तेव्हा वेळ ताणायचा मोह होतो. रोजची तीच ती कामं, आठवड्यातून एकदाच मिळणारं बक्षीस, मोजूनमापून सांडलेला माल. फायनल फँटसी १४ मध्ये घराच्या जागा मर्यादित आहेत आणि ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडलं जातं. इतरांना जागा मोकळी व्हावी हे कारण खरंच आहे. पण त्या भीतीने किती जणांचं सबस्क्रिप्शन चालू राहत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी स्पष्ट करते, कारण सरसकट उत्तर इथे चालणार नाही. नवा मजकूर तुम्ही किती वेगाने देऊ शकता, खेळाडू एकमेकांशी स्पर्धा करतात की मुख्यतः सहकार्य, आणि गेम मोबाइलवर आहे की पीसीवर, या तीन गोष्टींनी उत्तर बदलतं. मोबाइलवर फुकट मिळण्याची सवय इतकी मुरली आहे की तिथे महिन्याचे पैसे मागणं फार अवघड. तुमच्या वर्णनावरून मी पीसी धरून चालले आहे.

सबस्क्रिप्शन संपलं का? अल्टिमा ऑनलाइन १९९७ मध्ये आणि एव्हरक्वेस्ट १९९९ मध्ये आला, तेव्हा महिन्याचा दर ही खेळाडूला सुटका वाटली, कारण त्याआधीच्या बऱ्याच ऑनलाइन गेममध्ये तासावर पैसे मोजावे लागायचे. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, अमेरिकेत महिन्याला १४.९९ डॉलर या दराने, आणि २०१० मध्ये त्याचे १.२ कोटी सभासद झाले. मागून आलेल्या बहुतेकांनी हाच आकडा उचलला. त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली: माणूस असं सबस्क्रिप्शन सहसा एकाच गेमचं ठेवतो. कारण खिसा नाही, वेळ आणि सवंगडी आहेत. ज्याचा गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणारा गट, जिथे आहे तिथे तो राहतो. स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक डिसेंबर २०११ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये फुकट झाला. वाइल्डस्टार जून २०१४ मध्ये आला, सप्टेंबर २०१५ मध्ये फुकट झाला आणि २०१८ मध्ये बंद पडला. दर यांचाही बाजारातलाच होता, पण खेळाडूच्या आयुष्यातली ती एक जागा आधीच भरलेली होती. तेव्हा सबस्क्रिप्शन मेलेलं नाही. ते मोजक्या गेमना परवडतं, आणि 'आम्ही त्या मोजक्यांत बसू का' हा प्रश्न टीमने स्वतःला बिनधास्त विचारावा.

इथे फुकटवाले म्हणतील, बघा, आम्ही बरोबर होतो. थांबा, आधी हिशेब करू. फुकट गेममध्ये पैसे देणाऱ्यांचं प्रमाण सहसा शंभरात दोन ते पाच असतं. समजा तुमच्याकडे ५,००० नियमित खेळाडू आले आणि त्यातले शंभरात तीन जण खर्च करतात, म्हणजे १५०. समजा सबस्क्रिप्शन लावल्यावर त्याच ५,००० पैकी फक्त १,००० उरले, ४,००० निघून गेले. तरीही त्या हजारांएवढी कमाई करायला १५० जणांपैकी प्रत्येकाने दरमहा सबस्क्रिप्शनच्या जवळपास सातपट खर्च करायला हवा. एका टोपीवर सातपट खर्च कोण करणार? मग दुकानात महागड्या वस्तू येतात, नशिबाच्या पेट्या (आत काय निघेल ते पैसे देऊन उघडल्यावरच कळतं) येतात, 'आजच, फक्त तीन तास' असे फलक येतात. लाखो खेळाडू असलेल्या गेमला थोडे थोडे पैसे गोळा करून भागवता येतं. छोट्या गेमला मात्र खूप खर्च करणाऱ्या मूठभरांच्या मागे लागावंच लागतं. त्या मूठभरांतला कोण श्रीमंत आहे आणि कोण स्वतःला आवरू शकत नाही, हे आपल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. दोघांच्याही नावापुढे फक्त रक्कम असते. या कामात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच.

सबस्क्रिप्शनवरून फुकटकडे जाऊन भरभराट झाली, अशी उदाहरणं टीममधलं कोणीतरी देईलच, आणि ती खरी आहेत. डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन २००९ मध्ये फुकट झाला आणि उत्पन्न ५०० टक्के वाढल्याचं टर्बाइन या कंपनीने सांगितलं. लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन २०१० मध्ये त्याच वाटेने गेला, तिथे उत्पन्न तिप्पट झाल्याचं सांगितलं गेलं. पण त्यांनी विकलं काय ते पाहा: मोहिमा आणि प्रदेश. खेळून पॉइंट मिळवा आणि त्यातून मोहीम घ्या, अशीही सोय होती. हे जमलं, कारण दोन्हीकडे काही वर्षांचा तयार मजकूर पडून होता. पहिल्या दिवशी तुमच्याकडे विकायला इतकं काही नसेल. मजकूर तुकड्यांनी विकला की आणखी एक भानगड होते. चौघे मित्र खेळायला बसतात, एकाकडे ती मोहीम नसते, आणि चौघेही अडतात. याउलट ओल्ड रिपब्लिकने फुकट होताना क्षमतांची बटणं लावायच्या पट्ट्यासुद्धा मर्यादित केल्या आणि जास्तीच्या पट्ट्यांचे पैसे लावले. लोक भडकले आणि त्या वाढवाव्या लागल्या. हातपाय बांधून मग दोरी सोडण्याचे पैसे मागितले, की गेम आवडणारा माणूसही दुखावतो.

तरीही फुकट खेळाडूला हाकलून देऊ नका. बहुखेळाडू गेममध्ये पैसे न देणाराही गेमचा भाग असतो. त्याच्यामुळे डन्जनची (गटाने खेळायच्या राक्षसांच्या अड्ड्याची) रांग लवकर भरते, गावात वर्दळ दिसते, बाजारात तुमच्या लोहाराचा माल खपतो. रिकाम्या जगात कोणी पैसे भरून राहत नाही.

अडचण येते ती बॉटची, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळून माल आणि सोनं गोळा करणाऱ्या प्रोग्रामची. खातं फुकट असेल तर बंदी घातल्यावर बॉटवाल्याचं काही जात नाही, तो दुसरं उघडतो. लॉस्ट आर्क २०२२ च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य बाजारात फुकट आला, आणि मार्चच्या सुरुवातीला ॲमेझॉनने एका फटक्यात दहा लाखांहून जास्त बॉट खाती बंद केली. तुमच्या गेमचा जीव व्यापारात आहे, त्यामुळे ही कीड तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागेल. सबस्क्रिप्शनचा एक फायदा कोणी फारसा मोजत नाही, तो हाच: प्रत्येक खात्यावर टोल बसतो.

यावर मला सगळ्यात हुशार वाटलेला तोडगा फायनल फँटसी १४ च्या फ्री ट्रायलमध्ये आहे. मुदतीचं बंधन नाही. २०२० पासून लेव्हल ६० पर्यंत आणि २०२३ पासून लेव्हल ७० पर्यंत, म्हणजे मूळ गेम आणि दोन विस्तार पूर्ण फुकट. कथा अडवलेली नाही, डन्जन अडवलेले नाहीत. पण जवळ ३,००,००० गिलपेक्षा (हे गेममधलं चलन) जास्त ठेवता येत नाहीत, मार्केट बोर्ड (खेळाडूंचा बाजार) बंद, दुसऱ्या खेळाडूशी देवाणघेवाण बंद, चौकात ओरडून जाहिरात करणं बंद, स्वतः पार्टी, म्हणजे खेळायचा गट, बनवणंही बंद. बरेच जण याला कंजूषपणा म्हणतात. मला त्यात वेगळीच शिस्त दिसते. खेळाडूला जे हवं ते दिलंय, आणि गेममधलं सोनं, म्हणजे चलन, खऱ्या पैशांना चोरून विकणाऱ्या टोळीला जे हवं ते नेमकं काढून घेतलंय. त्या खात्यातून काही बाहेर नेताच येत नाही. तुम्ही ही रचना जशीच्या तशी उचला असं माझं स्पष्ट मत आहे: जग उघडं, बाजार बंद.

आता मधला मार्ग. तुमच्या टीममधलं कोणी 'प्लेक्स'चं नाव काढेल, म्हणून जरा खोलात जाते. ईव्ह ऑनलाइन २००३ मध्ये आला आणि २०१६ पर्यंत फक्त सबस्क्रिप्शनवर चालला. तिथे खेळाचा वेळ हीच बाजारातली वस्तू झाली, तिचं नाव प्लेक्स. पैसे असलेला खेळाडू ती कंपनीकडून विकत घेतो आणि गेममधल्या चलनात दुसऱ्याला विकतो. ज्याच्याकडे वेळ आहे पण खर्चायला पैसे नाहीत, तो गेममध्ये कमावून तिच्यावर आपलं सबस्क्रिप्शन चालवतो. एके काळी प्लेक्स घेऊन निघालेलं जहाज वाटेत कोणी उडवलं, तर खऱ्या पैशांनी घेतलेला माल जळून खाक व्हायचा. असा विनोद दुसऱ्या कुठल्या गेममध्ये शक्य नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने एप्रिल २०१५ मध्ये टोकन आणलं. तिथे टोकन २० डॉलरना मिळतं, महिन्याचा दर मात्र १५ च्या आसपास. म्हणजे जो खेळाडू 'फुकट' खेळतोय असं वाटतं, त्याच्यामागे कंपनीला नेहमीपेक्षा जास्तच मिळतात.

या रचनेची खुबी ही की नवं सोनं छापलं जात नाही. एकाचं सोनं दुसऱ्याकडे जातं, त्यामुळे महागाई थेट वाढत नाही, आणि चोरट्या सोनेविक्रीचं गिऱ्हाइकही तुटतं. त्याची किंमतही मोजावी लागते. गेममधल्या प्रत्येक तासाला बाहेरच्या पैशांतला भाव चिकटतो. खाणीत बसलेला खेळाडू मनात भागाकार करू लागतो, आणि एकदा का तो भागाकार सुरू झाला की छंदाचं रूपांतर अल्प पगाराच्या नोकरीत व्हायला वेळ लागत नाही. शिवाय सोन्याने जिंकता येत असेल तर हा पे-टू-विनचाच (पैसे देऊन जिंकण्याचाच) मागचा दरवाजा आहे. हजार-पंधराशे खेळाडूंच्या बाजारात तर एखादा मोठा खरेदीदार सगळे भाव हलवून टाकेल. म्हणून पहिल्या वर्षी हे आणू नका. बाजार मोठा झाला, भाव स्थिर दिसू लागले, की मग विचार करा.

ईव्हचाच २०११ चा किस्सा तुमच्या टीमने एकत्र बसून वाचावा असा आहे. जूनमध्ये गेममध्ये दिखाऊ वस्तूंचं दुकान उघडलं आणि त्यात एका डोळ्याच्या चष्म्याची किंमत ६० डॉलरच्या वर होती. त्यावर हसणारे पुष्कळ होते. खरा भडका उडाला तो कंपनीचं अंतर्गत पत्रक बाहेर फुटल्यावर, कारण त्यात दिखाऊ वस्तूंच्या पलीकडे जाऊन जहाजं आणि दारूगोळा विकण्याचीही चर्चा होती. खेळाडूंनी व्यापारी केंद्रातल्या पुतळ्यावर तोफा डागल्या, सबस्क्रिप्शनं रद्द केली. कंपनीला खेळाडूंचे निवडून आलेले प्रतिनिधी तातडीने आइसलँडला बोलवून चर्चा करावी लागली. आता गंमत पाहा. प्लेक्स, म्हणजे पैशांनी सोनं मिळवण्याची सोय, त्याच लोकांनी आधीच पचवली होती. मग जहाजांवर एवढा राग का? कारण ईव्हमधलं जवळपास प्रत्येक जहाज कोणीतरी खेळाडू बांधतो. प्लेक्स विकून मिळालेलं सोनं शेवटी त्या कारागिराच्याच खिशात जातं. दुकानाने थेट जहाज विकलं, तर त्याच्या कामालाच अर्थ उरत नाही.

तुमच्या गेमसाठी माझ्या उत्तराचा कणा हाच. दर कोणताही ठेवा, पण खेळाडू स्वतःच्या हाताने जे बनवतात ते तुमच्या दुकानात कधीही दिसता कामा नये. तलवार, औषधं, कच्चा माल, क्राफ्टिंग लवकर उरकायची सवलत, यातलं काहीच नको. रंग आणि कपड्यांच्या बाबतीतही आधी विचार करा. तुमच्याकडे शिंपी हा खेळाडूंचा व्यवसाय असेल, तर दुकानातला झगा त्याच्या पोटावर पाय देतो. अशा वेळी मी दुकानात नमुना ठेवते आणि कापड शिंप्याकडूनच शिवून घ्यायला लावते. डायब्लो ३ मधलं खऱ्या पैशांचं ऑक्शन हाउस मार्च २०१४ मध्ये बंद करण्यामागेही याच्या जवळचंच कारण होतं: राक्षस मारून लूट मिळवायची हा गेमचा गाभा, आणि बाजारातून ती सहज मिळू लागल्यावर मारण्यातली मजाच गेली.

नशिबाच्या पेट्यांबद्दल लांबण लावत नाही. त्या नकोत. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्येच त्यांना आक्षेप घेतला. दक्षिण कोरियात मार्च २०२४ पासून कोणती वस्तू निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच वर्षी जानेवारीत मेपलस्टोरी या गेममधल्या 'क्यूब'च्या (साधनांचे गुण नशिबावर बदलणाऱ्या वस्तूच्या) शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्याबद्दल नेक्सॉनला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड झाला. सहा जणांच्या टीमने देशोदेशीचे हे नियम सांभाळत बसायचं म्हटलं तर गेम कधी बनवायचा?

मग नेमकं काय करावं? तुमच्या जागी मी असते तर बाजार बंद असलेली फ्री ट्रायल ठेवली असती, तीही भरपूर मोठी. पूर्ण गेम एकदाच विकत. त्यावर ऐच्छिक सभासदत्व, महिन्याचं. गिल्ड वॉर्स २००५ मध्ये मासिक शुल्काशिवाय आला आणि चालला, हे उदाहरण टीममध्ये निघेल. तिथे गावं सामायिक होती, बाकी बहुतेक जग प्रत्येक गटासाठी वेगळं उघडायचं, त्यामुळे सर्व्हरचा भार कमी. तुमचं जग एकच आणि कायम जागं आहे. तो खर्च दर महिन्याला येणार, म्हणून काहीतरी मासिक उत्पन्न लागेलच.

सभासदत्वात काय द्यायचं यावर मी घासाघीस करेन. बॅगेतली थोडी जास्त जागा चालेल, पण आधी अशी बॅग बनवा की बिनसभासद खेळाडूला ती पुरेशी वाटेल, आणि मगच वाढीव जागेची किंमत ठरवा. क्रम उलटा झाला की क्राफ्ट बॅगची गत होते. एका वेळी जास्त माल विक्रीला लावणं, दुसरं दुकान थाटणं, गिल्डच्या इमारतीची सजावट, हे चांगलं. मोठ्या व्यापाऱ्याला याचा उपयोग असतो, नवख्याला ते नसल्याचं जाणवतही नाही.

दर महिन्याला नवं काही देता येणार नाही, ही तुमची भीती रास्त आहे. सहा जणांना ते शक्यही नाही. लोक अपडेट आलं की येतील, संपवतील, सभासदत्व थांबवतील, पुन्हा येतील. येऊ-जाऊ द्या. फायनल फँटसी १४ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी तर उघडपणे सांगितलंय की कंटाळा आला तर थांबा, दुसरे गेम खेळा आणि नवं काही आलं की परत या. सोडणं सोपं ठेवलं की परतणंही सोपं राहतं. सभासदत्व रद्द करायचं बटण पाच पानांमागे दडवू नका, आणि परत आलेल्याचं दुकान जसं होतं तसं त्याला सापडू द्या.

आणखी एक सावधगिरी. पैसे घेणारा गेम पुढे फुकट करता येतो, फुकट गेमला मागाहून सक्तीचं सबस्क्रिप्शन लावणं जवळपास अशक्य. म्हणून शंका असेल तेव्हा सुरुवात पैसे घेण्याच्या बाजूने करा. आजीवन सभासदत्वाचा मोहही होईल. लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइनने ते १९९ डॉलरना विकलं होतं. सुरुवातीला हातात रोकड येते हे खरं, पण ते घेणारे असतात तुमचे सगळ्यात निष्ठावान खेळाडू, आणि त्यांच्याकडून पुढे मासिक उत्पन्न शून्य. सर्व्हरचं बिल मात्र त्यांच्यासाठीही येत राहतं. निदान पहिलं वर्ष तरी ते विकू नका.

प्रत्यक्ष दर किती ठेवायचा हे मी मुद्दाम सांगितलेलं नाही. त्यासाठी मला दोन आकडे लागतील: एक खेळाडू महिनाभर खेळला तर सर्व्हर आणि सपोर्ट धरून तुम्हाला किती खर्च येतो, आणि तुमच्या चाचणीत बाजारात विकल्या गेलेल्या मालापैकी किती माल खेळाडूंनी बनवलेला होता, किती राक्षसांकडून पडलेला. दुसरा आकडा टीमने अजून मोजला नसेल, तर दराआधी तो मोजा आणि मला कळवा.